टेबलाखालचं बटण

आई गेली तेव्हा योरिको कुवाबारा ऑफिसात होती. ओसाकाच्या त्या ऑफिसात नळयोजनांच्या मोठ्या व्हॉल्व्हचे आराखडे काढले जात, आणि त्या दिवशीही ती कुठल्याशा गावाच्या व्हॉल्व्हवर मान मोडून बसली होती. निरोप आल्यावर ती तशीच उठून धावली, बुलेट ट्रेन आणि मग डोंगरातली बस करून गोत्सुजवळच्या आपल्या गावी पोचली, तोवर आईच्या चेहऱ्यावर पांढरं फडकं आलं होतं. गावात कोणी काही बोललं नाही. पण आईबापाच्या शेवटच्या घटकेला लेकरू जवळ नसावं, याहून मोठा करंटेपणा नाही असं त्या मुलखात मानतात, आणि एकुलत्या एका लेकीला ते वेगळं बोलून दाखवायची गरजच नव्हती.

म्हणून काही वर्षांनी बापाच्या फुप्फुसांनी हात टेकले आणि डॉक्टर म्हणाले की हा हिवाळा निघेलसं वाटत नाही, तेव्हा योरिकोने मनाशी एकच गोष्ट धरली. या वेळी मी तिथे असणार. बाबांच्या ओठांना शेवटचं पाणी मीच लावणार.

पण रजा ती किती घेणार? महिना, दोन महिने? मरणारा माणूस काही तारीख देऊन मरत नाही. राहता राहिलं घरून काम. आता हे ऑफिस असं, की साथीच्या काळात सगळं जग घरात बसलं होतं तेव्हाही ही मंडळी तोंडाला मास्क लावून आपापल्या टेबलांवर हजर होती. विभागप्रमुख नोमियामा-सान यांनी तिची विनंती ऐकून घेतली, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"कुवाबारा-सान, आराखडे बाहेर जाणार म्हणजे..."

"आराखडे बाहेर जाणार नाहीत. ते इथेच राहतील, माझ्या टेबलावरच्या संगणकात. मीच लांबून आत येईन."

"लांबून आत," नोमियामा-सान पुटपुटले. त्यांना ते फारसं कळलं नाही, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी वरच्यांकडे शब्द टाकला. "आपल्याकडे हे पहिल्यांदाच होतंय," ते तिला दोनदा म्हणाले. "नीट पार पडलं तर उद्या दुसऱ्या कुणालाही देता येईल." म्हणजे बिनसलं तर कुणालाच मिळणार नाही, हे त्यांनी म्हटलं नाही. ते तिने ऐकलं.

मग बाहेरच्या कंपनीतून सेगावा नावाचा गडी आला. तो हातांपेक्षा तोंडाने जास्त काम करी. त्याने तिला एक लॅपटॉप दिला आणि किल्लीच्या जुडग्याला लावता येईल असं एक इवलंसं यंत्र दिलं. त्यावर आकडे उमटत आणि बघता बघता बदलत.

"आधी पासवर्ड, मग हे आकडे. दोन्ही असल्याशिवाय दार उघडत नाही. आणि पासवर्ड जरा मोठा घ्या हं. पाळलेल्या मांजराचं नाव नको."

"मी मांजर पाळत नाही."

"मग नवऱ्याचं नको."

"तोही पाळत नाही."

सेगावा एवढ्या जोरात हसला की नोमियामा-सान यांनी मान वर केली. योरिकोही हसली. पन्नाशीला टेकलेल्या अविवाहित बाईला असे विनोद स्वतःच करून टाकायची सवय लागते.

सेगावाने सगळं जोडलं, दोनदा तपासलं, लॅपटॉप जिन्यात नेऊन तिथून तिचा संगणक उघडून दाखवला. पडद्यावर तिचाच अर्धवट आराखडा आला. मग तो जरा गंभीर झाला. "हे बघा, मधे कोणी चोरून बघू शकणार नाही, त्याची हमी माझी. पण एका गोष्टीला माझ्याकडे कुलूप नाही. हा टेबलाखालचा डबा चालू राहिला पाहिजे. म्हातारा झालाय तो, लांबून हाक मारून उठत नाही. बंद पडला, की इथे येऊन कोणी बटण दाबेपर्यंत तुम्ही दाराबाहेर."

तिने लगेच एका पांढऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'कृपया हा संगणक बंद करू नये. तसदीबद्दल क्षमस्व. कुवाबारा.' कागद संगणकाच्या डब्यावर चारही बाजूंनी चिकटवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सभेत नोमियामा-सान यांनी सगळ्यांना सांगितलं. योरिको उभी राहिली आणि कमरेतून वाकून म्हणाली, "माझ्या घरच्या कारणासाठी तुम्हा सगळ्यांना त्रास देते आहे."

सगळे म्हणजे एक सोडून. तोदोरोकी-सान त्या आठवड्यापासूनच मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते.

तोदोरोकी-सान हे ऑफिसातले सर्वात जुने गृहस्थ. निवृत्त होऊनही अर्ध्या पगारावर परत येऊन बसलेले. घर चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे संध्याकाळी सर्वात शेवटी तेच निघत. निघताना दाराशी उभे राहून, हात ताठ करून, एकेका गोष्टीकडे बोट दाखवत मोठ्याने म्हणत, "दिवे, बंद! हीटर, बंद! खिडक्या, बंद!" रेल्वेतले लोक सिग्नलकडे बोट करून म्हणतात ना, तसंच. वीजटंचाईच्या वर्षी प्रत्येक टेबलाखालचा एक्स्टेन्शन बोर्डही रोज बंद करायचा, असा नियम निघाला होता. टंचाई संपली, नियम सगळे विसरले. तोदोरोकी-सान विसरले नव्हते. दुसरं कोणी शेवटी निघालं तर दिवे मालवून मोकळं होई. गुडघे धरून टेबलाटेबलाखाली वाकणारे तेवढे हेच.

तरुण मुलं त्यांची नक्कल करत. योरिको कधी करत नसे, कारण तिचा बापही तसाच होता.

तोकुजी कुवाबारा यांनी सगळी हयात कौलांच्या भट्टीवर घालवली होती. गोत्सुकडची ती तांबूस चकचकीत कौलं. भट्टीची आग नीट दडपली आहे की नाही हे बोट दाखवून, मोठ्याने म्हणून पाहिल्याशिवाय ते कधी घरी आले नाहीत. एकदा भावाच्या लग्नातून उठून भट्टी बघायला गेले होते, ते जेवणं झाल्यावर उगवले. आता अंथरुणातून उठवत नव्हतं, नाकाला ऑक्सिजनची नळी होती, तरी रोज झोपण्याआधी पांघरुणातून एक हात बाहेर येई.

"गॅस, बंद! कडी, लावली!" आणि मग बोट तिच्याकडे वळे. "योरिको, हजर!"

"हजर," ती म्हणायची. पहिल्या दिवशी तिला हसू आलं. नंतर नंतर त्या एका शब्दासाठी ती संध्याकाळची वाट बघू लागली.

त्यांच्या अंथरुणाजवळच तिने बसकं टेबल मांडलं होतं. पायांवर गोधडी, बसायला एक चपटी उशी, समोर लॅपटॉप. आकडे बघायचे, टाकायचे, आणि ओसाका उघडायचं. म्हातारा एका कुशीवर वळून बघत राही.

"म्हणजे तिकडे तुझ्या टेबलावर आत्ता कोणी नाही?"

"कोणी नाही, बाबा."

"आणि काम चालू आहे."

"चालू आहे."

"याला आमच्या वेळी भूत लागलं म्हणायचे." धाप लागेपर्यंत ते हसले, मग खोकले, मग तिने त्यांची पाठ चोळली. "आणि पगार कुणाला, तुला की भुताला?"

शेजारच्या हात्सुए मावशी दुपारी तांदळाची पेज आणि तोंडी लावायला उमे नावाचं खारवलेलं आंबट फळ घेऊन येत. त्या दाराच्या आत पाऊल टाकायच्या आधीच बोलायला सुरुवात करत. "अगं, तो पडदा मिटव आणि दोन घास खा. तुझ्या बापाच्या आधी तूच जायचीस." बापलेक दोघंही त्यावर हसत. मरणाच्या घरात इतकं हसणं त्या गल्लीला माहीत नव्हतं. योरिकोला वाटे, आयुष्यात पहिल्यांदा मी दोन्हीकडे पुरी पडते आहे.

दोन आठवडे असे गेले. मग तो शुक्रवार आला. तोदोरोकी-सान डोळा बरा करून त्याच दिवशी कामावर परतले होते, हे योरिकोला माहीत नव्हतं.

एका डोंगराळ गावाच्या व्हॉल्व्हचा आराखडा सोमवारी सकाळी ओतकाम कारखान्यात पोचायचा होता. थोडंसंच उरलं होतं. शनिवारी सकाळी बाबांचं आवरून ती बसली. पासवर्ड टाकला, आकडे टाकले. दार उघडलं, पण पलीकडे कोणी नव्हतं. पडद्यावर ओळ आली, संगणक सापडत नाही. तिने पुन्हा केलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. पुन्हा तीच ओळ. सेगावाच्या कंपनीला फोन लावला तर बाईचा गोड आवाज म्हणाला की सोमवारी फोन करावा.

डबा बंद पडला होता. कोणीतरी जाऊन बटण दाबायला हवं होतं.

तिने फोनमधली नावं वरखाली केली. नोमियामा-सान, सुट्टीचा दिवस, मुलांबरोबर असतील. तोदोरोकी-सान ऑफिसच्या शेजारी राहतात, पण नुकतं डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हाताऱ्या माणसाला थंडीत बाहेर काढायचं? बाकीच्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं? आधीच सगळ्यांच्या डोक्यावर आपला भार टाकून ती इथे येऊन बसलेली. तिने फोन हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला, परत ठेवला.

एक फोन करायचा होता हो. तोदोरोकी-सान चपला घालून धावले असते, वर दिवसभर बायकोला कौतुकाने सांगत बसले असते. आणि तो व्हॉल्व्ह एक दिवस उशिरा ओतला असता तर कुठलं गाव तहानेने मेलं नसतं. पण दुसऱ्याला तसदी द्यायची नाही हे त्या माणसांच्या हाडीमांसी इतकं मुरलेलं असतं की स्वतःचं काळीज काढून देतील, पण सुट्टीच्या दिवशी कुणाच्या घरची घंटा वाजवणार नाहीत.

"काय झालं?" बापाने विचारलं.

तिने सांगितलं. कुणाला फोन करावा का, असंही विचारलं. खरं तर तिला त्यांनी 'कर' म्हणायला हवं होतं.

"सुट्टीचं कुणाला उठवू नकोस," तोकुजी म्हणाले. "लोकांनी तुझ्यावर विश्वास टाकलाय. तू जा आणि बटण दाबून ये. रात्रीपर्यंत येशील ना? मी काय पळून जातोय?"

सकाळी त्यांनी चार चमचे पेज खाल्ली होती. आदल्या दिवशी घरी तपासायला येणारी नर्स म्हणाली होती की श्वास जरा बरा आहे. हात्सुए मावशी म्हणाल्या, "जा गं, मी बसते इथे." सगळ्यांनीच तिला जायला सांगितलं. निघताना तिने दारातून मागे बघितलं. म्हाताऱ्याने हात वर करून तिला हुसकावलं, कोंबडी हुसकावतात तसं.

बसच्या खिडकीतून तांबडी छपरं मागे पडत गेली. त्यातली कितीतरी कौलं बापाच्या हाताखालून गेलेली. वाटेत बर्फ लागलं, बस रेंगाळली. योरिको मांडीवर हात घट्ट धरून बसली होती. मनात परतीच्या बसचा हिशोब चालू होता.

इमारतीच्या पहारेकऱ्याने सही घेऊन तिला वर सोडलं. ऑफिस थंडगार आणि नीटनेटकं. तिच्या डब्यावरचा कागद जसाच्या तसा होता, एक कोपरासुद्धा निघालेला नव्हता. डब्याला कोणी हात लावला नव्हता. ती क्षणभर गोंधळली. मग गुडघे टेकून टेबलाखाली वाकली आणि तिला दिसलं. एक्स्टेन्शन बोर्डाचा लाल दिवा विझलेला होता. शेजारच्या टेबलाखालचाही. त्याच्या पलीकडचाही. ओळीने सगळे.

तिला एका क्षणात सगळं चित्र दिसलं. तोदोरोकी-सान परत आले. त्यांनी कागद वाचला, मान डोलावली, डब्याला बोटसुद्धा लावलं नाही. पडदा काळा होता, म्हणजे काम झोपलेलं. मग नेहमीसारखं गुडघे धरून वाकले आणि खालचं बटण दाबलं. कागदावर लिहिलेलं त्यांनी तंतोतंत पाळलं होतं.

तिने बटण दाबलं. लाल दिवा लागला. मग डब्याचं बटण. डबा घरघरला, आणि पडद्यावर आलं की काही सुधारणा बसवत आहोत, कृपया थांबा. ती खाली फरशीवरच बसून होती तेव्हा फोन वाजला.

"योरी," हात्सुए मावशी म्हणाल्या, आणि पुढे त्यांना बोलवेना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बोलवेना.

"मावशी, सांगा."

"त्रास नाही झाला गं त्याला. मी पाणी लावलं ओठांना. अगदी आत्ता." त्यांनी नाक ओढलं. "दुपारीच बोट वर केलं त्याने. गॅस म्हणाला. कडी म्हणाला. मग तुझ्या बसायच्या उशीकडे बोट नेलं आणि थांबला. मला म्हणाला, 'तिचं मशीन सुरू झालं का?' मला काय ठाऊक? मी म्हटलं, झालं, झालं. 'मग बरं' म्हणाला. तेवढंच."

"हो, मावशी," योरिको म्हणाली. "झालं सुरू."

यानंतर तिने जे केलं त्यासाठी तिला नावं ठेवू नका. ती उठली, खुर्चीवर बसली आणि उरलेला आराखडा पूर्ण केला. मापं तपासली. कारखान्याला पाठवला. आता घाई कशाचीच नव्हती, आणि हात रिकामे ठेवले असते तर त्या हातांनी काय केलं असतं कोण जाणे. आख्ख्या गावाला पाणी पोचवायचा आराखडा तिने बिनचूक काढला. ज्या एका माणसाला दोन थेंब द्यायचे होते, त्याला ते शेजारणीने दिले.

अंत्यविधी झाले. हाडं तिने एकेक करून वेचली, रडली नाही. गावात कोणी काही बोललं नाही.

परत येताना गाडीत तिने एक वाक्य तयार केलं. तोदोरोकी-सान, त्या शुक्रवारी तुम्ही माझा बोर्ड बंद केलात, म्हणून मला यावं लागलं. एवढंच. ओरडायचं नाही, रडायचं नाही. हे सगळं एकटीने वाहायचं आता तिच्या जिवावर आलं होतं, आणि निम्मं ओझं ज्याचं त्याला द्यावं असं तिला मनापासून वाटत होतं.

ऑफिसात सगळ्यांनी येऊन मान लववली. कुणी विचारलं नाही, कुणी हात धरला नाही. संध्याकाळी एकेक जण निघून गेला. तोदोरोकी-सान तेवढे राहिले. एक डोळा अजून लालसर होता. ते तिच्या टेबलापाशी आले आणि खोल वाकले.

"कुवाबारा-सान, मी तेव्हा रजेवर होतो, मला काही माहीत नव्हतं. नोमियामा-सान यांनी नंतर सांगितलं. बायकोला मी म्हटलं, बघ, हे यंत्र किती चांगलं. मुलगी बापाजवळ राहू शकली. माझी आई गेली तेव्हा मी इथेच, माझ्या टेबलावर होतो." त्यांनी टेबलाखालच्या डब्याकडे पाहिलं. "तुमच्या त्या कागदाला मी कुणाला हात लावू दिला नाही हं. रोज बघून जात होतो."

योरिकोचं वाक्य ओठांवर होतं. तिने त्यांच्याकडे पाहिलं. बाहीची झिजलेली किनार, गुडघ्यांवर पँटला आलेली चमक. भट्टीची आग बघायला लग्नातून उठून गेलेला एक माणूस तिला आठवला. त्या माणसाला जर कोणी सांगितलं असतं की तुझ्या नीट काम करण्यामुळे एका मुलीचा बाप एकटा गेला, तर तो पुन्हा कधी झोपला असता का?

"तुमच्यामुळे फार सोय झाली," ती म्हणाली. "मशीन शेवटपर्यंत चालू होतं."

"बरं झालं. फार बरं झालं." त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी संकोचून खाली पाहिलं. "आता... हा डबाही बंद केला तर चालेल ना? आजपासून?"

"करा."

त्यांनी गुडघे धरले, वाकले, डबा बंद केला आणि मग नेहमीसारखं बोर्डाचं बटण दाबलं. टक् असा आवाज आला आणि टेबलाखालचा लाल दिवा गेला. चिकटवलेला कागद त्यांनी हळूच, न फाडता सोडवून तिच्या हातात दिला. मग दाराशी जाऊन उभे राहिले आणि नेहमीसारखा हात ताठ केला.

"हीटर, बंद! खिडक्या, बंद! बोर्ड, बंद!" बोट फिरत फिरत तिच्यापाशी आलं. ती अजून खुर्चीवरच होती. दुःखातल्या माणसाला जरा हसवावं म्हणून त्या भल्या गृहस्थाने आवाज आणखी चढवला.

"कुवाबारा-सान, हजर!"

योरिकोने तोंड उघडलं, पण तिला 'हजर' म्हणता आलं नाही. बापाची हाडं वेचतानाही न रडलेली ती बाई टेबलावर डोकं ठेवून लहान पोरीसारखी हमसून हमसून रडू लागली. तोदोरोकी-सान घाबरले. आपलं काय चुकलं ते त्यांना कळेना, जवळ जावं की निघून जावं तेही कळेना. तिचं रडणं थांबेपर्यंत ते दाराशीच उभे राहिले, आणि दिवे त्यांनी बंद केले नाहीत.